पॉइंट झिरो फोर

घरचे म्हणतात, दीक्षाच्या नाकावर राग असतो. मी म्हणते, नाकावर चष्मा आहे, तिथे रागाला जागाच कुठे? पण त्या गुरुवारी हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये प्रेसखालून पहिली टोपी फाटून बाहेर आली, तेव्हा चष्म्यावर वाफ धरली हे खरं.

टोपी म्हणजे कूलरच्या मोटारीवर बसणारं पत्र्याचं खोल झाकण. नागपूरकर उन्हाळ्यात आधी कूलरमध्ये पाणी भरतो, मग स्वतः पितो, त्यामुळे या टोप्या हजारोंनी लागतात. सपाट पत्रा डायवर, म्हणजे पोलादी साच्यावर ठेवायचा, वरून पंच दाबायचा, पत्रा चारही बाजूंनी सरकत आत उतरतो आणि टोपी होते. ऐकायला सोपं आहे. पत्रा कमी सरकला तर तळाशी फाटतो, जास्त सरकला तर चुण्या पडतात. नवी टोपी लंबगोल आणि भलतीच खोल होती. असली टोपी सगळे दोन डाय लावून दोन दाबांत काढतात. मी म्हटलं होतं, एका डायमध्ये, एका दाबात काढून दाखवते. तोंड आहे, बोलून जातं.

आमचे मालक गणपतराव. त्यांनी मला सहा महिन्यांच्या करारावर घेतलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते मला दाखवत, "ही आमची कॉम्प्युटरवर डाय बनवणारी पोरगी," घरात नवा फ्रिज आल्यावर दाखवतात तसं. करार महिनाअखेर संपत होता. टोपी एका दाबात निघाली तर मी कायम, नाही निघाली तर परत पुणे. पुण्यात तीन वर्षं मी दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर मापं टाकायचं काम केलं होतं आणि तर्रीशिवाय पोहे खाल्ले होते. दोन्ही पुन्हा करायची माझी तयारी नव्हती. मला हेच काम हवं होतं, आणि बेसा भागातल्या माझ्या घरून डबा घेऊन यायला हवं होतं.

तर मी कॉम्प्युटरला कामाला लावलं. डायच्या तोंडाची गोलाई कुठे किती ठेवायची, पत्रा कोणत्या आकाराचा कापायचा, कुठे घट्ट धरायचा आणि कुठे सैल सोडायचा, अशा आठशे जोड्या त्याने खोटा-खोटा पत्रा दाबून तपासल्या. शेवटी जो आकार निघाला तो आमच्या मशीनवर कापणं शक्यच नव्हतं. गोलाई टोकांना सैल, बाजूंना आखूड, मधे सतत बदलत जाणारी. म्हणून बुटीबोरीच्या एका प्रिंटिंगवाल्याकडून तो डाय छापून आणला. स्टीलची भुकटी, तिच्यावर लेझर, थरावर थर. भट्टीतून आल्यावर तो खरखरीत दिसत होता, तो आनंदरावकाकांनी तीन दिवस हाताने घासून आरशासारखा केला.

आनंदरावकाका आमचे प्रेसवाले. बावीस वर्षं त्याच प्रेसवर. माझ्या बाबांच्या वयाचे, पण रोज सकाळी "जय भीम, मॅडम." मी म्हणायची, "काका, दीक्षा म्हणा नं." ते म्हणायचे, "मॅडम म्हटलं का काम बराबर होते."

आता एक गोष्ट कबूल करते, जी तेव्हा कोणालाच सांगितली नव्हती. खोटा पत्रा दाबायचा तर तो किती घसरतो हे कॉम्प्युटरला सांगावं लागतं. घर्षणाचा एक आकडा असतो, जितका लहान तितका पत्रा जास्त घसरतो. तेल लावलेल्या पत्र्याला पुस्तकात पॉइंट वन टू दिलाय. तो घातला की आठशेच्या आठशे टोप्या फाटायच्या. मग जानेवारीत मी आमच्याच वर्कशॉपच्या दहा जुन्या टोप्या कापल्या, त्यांच्या भिंतीची जाडी मोजली आणि उलटं गणित केलं, की ही जाडी यायला पत्रा किती घसरला असेल? उत्तर आलं पॉइंट झिरो फोर. तेलावर पत्रा एवढा घसरतच नाही. तीनदा तपासलं, तीनदा तेच. मग मी ते केलं जे परीक्षेत उत्तर जुळलं पण रीत कळली नाही की पोरं करतात. आकडा वापरला आणि गप्प बसले. गणपतरावांना दाखवलेल्या फायलीत लाल-निळी-हिरवी चित्रं होती, आकडा नव्हता. त्यांना तशीही चित्रंच आवडतात.

गुरुवारी कूलर मोटारवाल्या कंपनीच्या क्वालिटी विभागाच्या सोनिका मॅडम ट्रायल बघायला आल्या. गणपतरावांनी वर्कशॉप असं धुऊन काढलं होतं की रांगोळीच काढायची बाकी होती. काकांनी नवा शर्ट घातला होता. तेलाचा नवा डबा उघडून त्यांनी ब्रशने पत्र्याला दोन्ही बाजूंनी असं तेल लावलं, जसं काही तान्ह्या बाळाला लावून राहिले. प्रेस खाली आला. टच्‌ असा आवाज झाला आणि टोपीचा तळ वेगळा, भिंत वेगळी.

दुसरी तशीच फाटली, तिसरीही.

सोनिका मॅडमनी तिन्ही तुकडे ओळीने मांडले, घड्याळ बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मी तीन वाजेपर्यंत आहे. नाही जमलं तर ऑर्डर दोन डायवाल्यांना देते. त्यांचे नमुने माझ्याकडे आहेत."

"टेन्शन नका घेऊ मॅडम, तोवर सावजी खाऊन येऊ," असं म्हणत गणपतरावांनी त्यांना गाडीत बसवलं. जाता जाता माझ्याकडे जी नजर टाकली तिच्यात पुण्याचं तिकीट दिसत होतं.

मी काकांवर घसरले. "काका, प्रेस नीट सेट केला होता नं? घाईत काही राहिलं तं नाही?"

काका खाली बघत म्हणाले, "सगळं तुमच्या कागदापरमानं केलं, मॅडम. आज एकबी गोष्ट इकडची तिकडं होऊ देल्ली नाई."

आज. तो शब्द मला तेव्हा ऐकू यायला हवा होता. पण मी चिडलेली होते, आणि चिडल्यावर मी कानाने ऐकत नाही, पायाने लाथ मारते. भंगाराच्या पेटीला मारली. पेटी कलंडली आणि जुन्या, न धुतलेल्या टोप्या घरंगळत माझ्या बुटापाशी आल्या. एकीच्या खांद्यावर फिकट निळं काहीतरी होतं. उचलून बघितलं. अक्षरं होती, उलटी, ताणून लांबट झालेली. डोकं वाकडं करून वाचली. ताजे दूध.

दुसरी टोपी उचलली, तिच्यावरही निळं. सकाळच्या फाटलेल्या तिन्ही मात्र कोऱ्या करकरीत.

"काका, हे काय आहे?"

काकांनी फडकं घेऊन हात पुसायला सुरुवात केली. हात स्वच्छच होते. तरी बराच वेळ पुसत राहिले.

"पिशवी असते, मॅडम. दुधाची. कापून पत्र्याच्या खाली ठेवतो. वरून जराकसं तेल. मंग पत्रा सुर्रकन सरकते."

"केव्हापासून?"

"बावीस वर्षं झाले. आमची घरवाली, बायजा, घरी धुऊन सुकवून ठेवते. शेजारपाजारच्या बी मांगून आनते."

"अन् आज?"

"आज तुमचा डाय होता नं." त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "बाहेरून पाव्हणी आली. मी म्हटलं, पोरीनं येवढं शिकून डाय बनवला, त्याच्यावर कचरा काहून ठेवाचा? कालच सगळ्या पिशव्या कबाडीवाल्याले देऊन टाकल्या. म्हटलं, आज पुस्तकापरमानं करू."

आधीच्या एका इंजिनियरने म्हणे ती पिशवी सगळ्यांसमोर उचलून बाहेर फेकली होती. "हा कारखाना आहे का कचराकुंडी?" तेव्हापासून काका कोणी बघत नसताना पिशवी ठेवत, आणि धुण्याआधी टोपी कोणाच्या हातात देत नसत. मीही मोजायला नेल्या होत्या त्या धुतलेल्या.

मला ओरडायचं होतं, अगदी मनापासून. पण डोळ्यांसमोर तो आकडा आला. पॉइंट झिरो फोर! जानेवारीपासून ती पिशवी माझ्या स्क्रीनवर होती. बायजाबाईंनी मांडीवर घेऊन पुसलेली पिशवी, आणि मी तिला चूक समजून झाकून ठेवली होती. माझ्या मानासाठी या माणसाने त्याची बावीस वर्षांची रीत एका दिवसापुरती मोडली आणि नेमक्या त्याच दिवशी माझ्या टोप्या फाडल्या. कोणाला बोलणार? राग यायला समोर कोणी दोषी तरी पाहिजे!

"काका, पिशव्या आत्ता कुठे मिळतील?"

गेटबाहेर यमुताईंची चहाची टपरी आहे. आम्ही दोघं पळतच गेलो. सकाळच्या सगळ्या पिशव्या कचरागाडी घेऊन गेली होती. दोन उरल्या होत्या, आणि तिसरीत यमुताईंनी आलं ठेवलं होतं.

"पिशवीचं काय करता वं बाई?" यमुताईंनी विचारलं.

"टोपी शिवतो," मी म्हटलं.

"शिवा. पण पिशवी पाहिजे तं दोन चहा घ्या लागन."

घेतले, उभ्या उभ्या, जीभ भाजत. पिशव्या धुतल्या, कंप्रेसरच्या हवेने वाळवल्या, काकांनी कात्रीने शिवण उसवून सपाट केल्या. आल्याचा वास गेला नाही. तेवढ्यात गणपतराव सोनिका मॅडमना ऑफिसात बसवून आत आले, पिशवी बघितली, सगळं ऐकलं आणि मला खांबामागे नेलं.

"हे पाय, पिशवी आधीच खाली ठेवून द्या. वरून पत्रा. तिले दिसलं नाई पायजे. दुधाच्या पिशवीवर माल बनवतो म्हटलं तं इज्जतीचा फालुदा होईन."

मी मान हलवली. खोटं कशाला सांगू, मला नोकरी हवी होती.

तीनला पाच कमी असताना प्रेस खाली आला. टच्‌ झालं नाही. नुसता एक लांब, मऊ हुंकार, आणि काकांनी टोपी बाहेर काढली. अख्खी! एक चुणी नाही, एक चीर नाही. मला तिचा मुका घ्यावासा वाटला, पण ती तेलकट होती.

सोनिका मॅडमनी चार ठिकाणी जाडी मोजली. भुवया थोड्या वर गेल्या. "चांगली आहे. पण सकाळी तीन फाटल्या. मधे काय बदललं?"

गणपतराव तयारच होते. "काही नाही मॅडम, आमच्या पोरीचा हिशोब थोडा चुकला होता. जेवणाच्या सुट्टीत दुरुस्त केला तिनं."

मी गप्प राहिले. खोटं होतं, पण माझ्या नोकरीच्या बाजूने बोलणारं खोटं होतं. शिवाय बोलले असते तर काकांचं नाव पुढे आलं असतं. असं मी स्वतःला पटवत होते, तोवर काकांनी मॅडमच्या हातातून टोपी घेतली. नखाने कडेला खरवडलं आणि तिच्या अंगावर घट्ट बसलेली पिशवी हळूहळू सोलून काढली. सगळ्यांसमोर.

"हिशोब नाई चुकला," ते म्हणाले. "मी सकाळी पिशवी काढली होती. हिचा हिशोब बराबरच होता."

गणपतरावांनी डोळे मिटले.

मग मलाही राहवेना. "मॅडम, घर्षण पॉइंट झिरो फोर धरून डाय काढला आहे."

"तेलावर?"

"तेलावर नाही. या पिशवीवर. जुन्या टोप्या मोजल्या तेव्हा जानेवारीतच आकडा आला होता. कशामुळे ते मला आज कळलं."

सोनिका मॅडम हसतील असं वाटलं होतं. त्यांनी पिशवी बोटांच्या चिमटीत धरून उजेडाकडे बघितली. "हिची जाडी मोजली?"

"नाही."

"मोजा. याच जाडीचा प्लास्टिकचा रोल मागवा, दूधवाल्याच्या भरवशावर हजारो टोप्या निघत नाहीत. कागदावर सगळं जसंच्या तसं लिहा. तेलाच्या रकान्यात तेल लिहून पिशवी वापरली असती आणि मला नंतर कळलं असतं, तर मी तुम्हाला दारात उभं केलं नसतं." मग गणपतरावांकडे वळून, "पाचशे नग करा. ते पास झाले की पुढची ऑर्डर. पण काम या दोघांनी करायचं."

"मी तं पहिल्यापासून म्हणून राहिलो होतो," गणपतराव म्हणाले, "का पोरीले कायमच करून टाकू."

ते मॅडमना गाडीपर्यंत सोडायला गेले. मी हसत वळले, काका हसत नव्हते. रिकाम्या तेलाच्या डब्यावर बसून ते माझ्याकडे बघत होते.

"जानेवारीतच मालूम होतं तुले?"

'मॅडम' हा शब्द गळून पडला होता. मी मान हलवली.

"मंग मले विचारलं काहून नाई?"

माझं टेबल त्यांच्या प्रेसपासून चाळीस पावलांवर आहे. जानेवारीपासून चहाला जाताना मी रोज दोनदा त्यांच्यासमोरून गेले होते. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

"लाज वाटली काका," मी म्हटलं. "सगळे म्हणत, पोरगी लय हुशार. अन् मले माह्याच आकड्याचा अर्थ लागत नव्हता. हे कोणाले सांगू?"

काका डब्यावर थोडे सरकले आणि बाजूला जागा केली.

"माहं बी तेच होतं," ते म्हणाले. "बरं, आता सांग. न समजलेलं अजून काय काय लपवलं हाय त्या कॉम्प्युटरात?"

"यादी लांब आहे, काका."

"बस मंग. माही बी लांबच हाय."