तिसरं वस्त्र

घरातल्या चार भावंडांत ती शेवटची, म्हणून सगळे तिला बारकी म्हणायचे. आता ती सेहेचाळीस वर्षांची होती, अंगानं चांगली भरलेली होती, आणि तिच्या शिलाईच्या दुकानावर तिच्याहून मोठ्या बायकाही 'बारकीताई' अशीच हाक मारत. तिची त्यावर तक्रार नव्हती.

त्या रविवारी एका ऑपेराच्या दुपारी तीनच्या प्रयोगाला ती अप्पांना, म्हणजे वडिलांना, घेऊन बसली होती. अप्पा पोलीस बँडमध्ये एकतीस वर्षं क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झालेले. आयुष्यभर सलामीच्या धुना वाजवल्या, पण साठ वादकांचा पुरा ऑर्केस्ट्रा समोर बसून कधी ऐकलेला नव्हता. बारकीनं या ऑपेराचे कपडे शिवले होते, त्यामुळे तिला दोन पास मिळाले होते. आठव्या रांगेत, अगदी मधोमध. अप्पांनी कोट घातला होता आणि ते अर्धा तास आधीच नाट्यगृहाच्या दारात येऊन उभे राहिले होते.

गोष्ट सोपी होती. एक राणी जंगलातल्या एका साधूकडे जाते आणि विचारते, मी कोण? साधू उत्तर देत नाही. तो एवढंच म्हणतो, "हे काढ." राणीच्या अंगावर एकावर एक पाच वस्त्रं. एकेक उतरवत ती गाते, "हे मी नव्हे." शेवटी साधा पांढरा झगा तेवढा उरतो. मध्यंतर नव्हतं. पावणेदोन तास सलग.

प्रत्येक वस्त्राच्या पाठीला खांद्यापासून कमरेपर्यंत टिचबटणं होती. राणीनं खांद्याशी धरून पुढे ओढलं की पाठ झरकन उघडायची आणि वस्त्र पायाशी पडायचं. बारकीनं महिनाभर त्यावर डोकं लढवलं होतं.

पहिलं, पिवळं वस्त्र पडलं. टच टच टच. बारकीनं मनातल्या मनात बटणं मोजली. दहा. सगळी सुटली. तिनं सुस्कारा सोडला.

"ओबो ऐकलास?" वादकांतल्या त्या सनईसारख्या वाद्याकडे बोट दाखवत अप्पा कुजबुजले. "काय दम आहे त्या बाईचा!"

बारकीचं लक्ष नव्हतं. तिला अचानक काहीतरी आठवलं होतं.

तिसरं वस्त्र. निळ्या मखमलीचं.

प्रयोगाआधी फोटो काढताना राणीचं काम करणारी गायिका मोठा श्वास घ्यायची आणि त्याची बटणं पटापट सुटायची. वेशभूषा करणाऱ्या मॅडम घाईत म्हणाल्या, "आत्तापुरतं टाचून टाक गं." बारकीनं गायिकेच्या अंगावरच सहा टाके घातले. दुहेरी नायलॉन दोरा, पट्टीच्या आतून, फोटोत दिसू नयेत म्हणून. फोटो झाले की उसवायचे होते. तेवढ्यात कोरसमधल्या एकीच्या घागऱ्याचा घोळ उसवला, बारकी तिकडे पळाली, तिथून अप्पांना घ्यायला दारात. इकडे गायिका तशीच उभी राहिली आणि कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींनी निळ्यावर लाल आणि लालवर पिवळं चढवलं. मावशींना टाक्यांचा पत्ता असायचं काही कारणच नव्हतं.

बारकीनं मांडीवर पदराखाली फोन धरून मॅडमना मेसेज केला. मॅडमचा फोन बंद. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अहो, उजेड!" तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि उठली.

"कुठे?" अप्पांनी तिचा हात धरला.

"आलेच."

अप्पांचा गुडघा वाकत नसे. त्यांचा पाय ओलांडून, मग अकरा जणांच्या पायांवरून "सॉरी, सॉरी" करत ती कडेच्या दारापर्यंत पोचली. दाराशी टॉर्च घेऊन एक माणूस उभा होता.

"बाहेर जायचंय. आत्ता. विंगेत निरोप द्यायचाय."

"दार नाही उघडता येणार, बाई. पलीकडे कोरस उभा आहे. याच दारानं ते गात आत येणार."

"दुसरं दार?"

"तिथेही तेच. चारी दारांना तेच." मग तिचं तोंड बघून त्यानं जरा मऊपणानं विचारलं, "बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?"

"मी कपडे शिवलेत यातले," ती म्हणाली. त्याला त्यातून काहीच बोध झाला नाही. त्यानं टॉर्चनं तिला जागेकडचा रस्ता दाखवला. लाल वस्त्र पडलं तेव्हा ती पुन्हा त्या अकरा जणांच्या पायांवर होती.

खाली बसल्यावर तिनं अप्पांच्या कानात सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "किती टाके?"

"सहा. दुहेरी."

"तुटतील?"

"माझ्या हातचे आहेत, अप्पा."

अप्पांनी तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. चारी दारांतून कोरस आत आला आणि गाता गाता कडेच्या वाटांवर भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आता तर रांगेतून बाहेर पडायलाही जागा नव्हती.

साधू गायला, "हे काढ." गायिकेनं खांद्याशी धरलं आणि ओढलं. बटणं सुटली. वस्त्र सुटलं नाही. तिनं पुन्हा ओढलं. बारकीला आपल्याच पाठीत टाके ताणल्यासारखं झालं.

"परत तेच वाजवतायत," अप्पा पुटपुटले. "तिच्यासाठी थांबलेत."

कोरसनं चौथ्यांदा तीच ओळ घेतली. मग गायिकेनं असं काही केलं की बारकीनं तोंडावर हात दाबला. तिनं वस्त्र खालून वर उचललं, डोक्यावरून काढायला. बाह्यांचे मुंढे घट्ट बेतलेले होते. ते तिच्या कोपरांवर अडकले. हात वर, चेहरा मखमलीच्या आत, आणि आतून तिचा आवाज येत होता, दबलेला, "हे मी... हे मी..." पुढचा शब्द येत नव्हता. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. लोकांना वाटलं, असंच बसवलंय. शेजारचा माणूस तर पुढे सरकून बघत होता. हे काय आहे ते त्या अंधारात फक्त बारकीला आणि अप्पांना ठाऊक होतं, आणि ओरडायचीही सोय नव्हती.

साधूचं काम करणारा धिप्पाड गायक आपली जागा सोडून आला. त्यानं दोन्ही हातांनी वस्त्र हळूहळू खाली ओढलं. गायिकेचं डोकं बाहेर आलं, केस विस्कटलेले, तोंड लालबुंद. तिनं दोन श्वास घेतले. मग पुढचं गाणं उचललं. चौथं आणि पाचवं वस्त्र तिनं उतरवलंच नाही. शेवटपर्यंत ती निळ्या मखमलीतच गायली.

टाळ्या खूप पडल्या. लोक उभे राहिले, म्हणून कोरसला वाट द्यावी लागली, आणि बारकी धावली.

रंगपटात मॅडम मावशींवर तोंडसुख घेत होत्या. "इतकी वर्षं काम करतेस आणि चढवण्याआधी तपासता येत नाही?" मावशी खाली मान घालून उभ्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसतही नव्हत्या. गायिका स्टुलावर बसली होती, अजून त्याच वस्त्रात, आणि मॅडमच्या हातात मोठी कात्री होती.

क्षणभर बारकी दारातच थबकली. तिचं नाव अजून कोणाच्या तोंडी आलं नव्हतं.

"टाके माझे आहेत," ती म्हणाली. "मी घातले आणि उसवायचे विसरले. मावशींचा काही संबंध नाही."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. टाचायला आपणच सांगितलं होतं, हेही त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी कात्री खाली ठेवली. बारकीनं पर्समधली छोटी कात्री काढली, पट्टी उलटली आणि एकेक टाका कापला. आतली वस्त्रं घामानं चिंब होती. काखेत दोन्हीकडे लाल वळ उठले होते.

"फार लागलं का हो?" बारकीनं विचारलं.

"आज माझ्याशी बोलू नका," गायिका म्हणाली. आवाज चढवला नाही, पण वळूनही पाहिलं नाही.

काम गेलं नाही. मॅडमनी एवढंच बजावलं, की उरलेल्या सातही प्रयोगांना बारकीनं विंगेत हजर राहायचं आणि पाचही पाठी स्वतः तपासायच्या. पास वगैरे विसरायचं. अप्पांनी पुढच्या रविवारचं तिकीट स्वतः काढलं आणि एकटेच गेले.

विंगेतून रंगमंच दिसत नसे. काळा पडदा आणि दोऱ्यांचे वेटोळे तेवढे दिसत. बसायला एकच स्टूल, त्यावर मावशींची पिशवी. पहिल्या दोन प्रयोगांना मावशी तिच्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत. पावणेदोन तास बारकी उभी राहिली, भिंतीला टेकायचीही चोरी. तिसऱ्या प्रयोगाला लाल वस्त्र पडल्याचा आवाज आला आणि मावशींनी पिशवी उचलून खाली ठेवली.

"बस," त्या म्हणाल्या. "उभं राहून तू काय पकडणार आहेस?"