राज्याचा रकाना

चिंतामणी मास्तरांना जाऊन पाच वर्षं झाली, तरी निपाणीच्या त्या घरातून त्यांची तपकीर काही गेली नव्हती. डबी विनोदिनीबाईंनी स्वतःच्या हातानं विहिरीत टाकली होती. तरी दुपारी चारच्या सुमाराला माजघरात तो वास यायचा आणि कधीकधी पाठोपाठ शिंक. लोकांच्या घरातली भुतं दारं आपटतात, पैंजण वाजवतात. यांच्याकडचं नुसतं शिंकायचं. पण मास्तरांची शिंक म्हणजे हयातीतसुद्धा हुकूमच होता. कामाला हात घातला आणि मागून शिंक आली की काम थांबवायचं, ही आपली जुनी रीत. मास्तर तिच्या जोरावर अर्धं घर थांबवून ठेवायचे.

मास्तर सीमालढ्यात दोनदा तुरुंगात जाऊन आलेले. जन्मभर त्यांनी पत्त्यात 'कर्नाटक' लिहिलं नाही. लाइटचं बिल आलं की निळ्या पेनानं तेवढा शब्द खोडायचे, शेजारी 'महाराष्ट्र' लिहायचे, आणि मग गुपचूप जाऊन बिल भरून यायचे. भांडण भांडणाच्या जागी. जाताना त्यांनी बायकोचा हात धरून एवढंच मागितलं, "विनू, माझ्या माघारी तुझ्या हातानं तो शब्द या घराच्या कागदावर यायला नको." बाईंनी वचन दिलं. मरणाऱ्याला नाही कोण म्हणणार?

गेल्या नोव्हेंबरात माडीवर ओकेलो राहायला आला. युगांडाचा, साडेसहा फुटांचा, बास्केटबॉल खेळणारा. निपाणीच्या क्लबनं त्याला एका मोसमासाठी आणला होता. क्लबचा सेक्रेटरी आशुतोष, कॉलेजात शिकवणारा, बाईंचाच जुना विद्यार्थी. करार दहा पानी होता. ओकेलोला काय मिळणार ते दोन पानांत आणि त्यानं काय काय करायचं नाही ते आठ पानांत. 'सर्व सोयींनी युक्त निवास' म्हणजे बाईंची माडी. पलंग आखूड पडला म्हणून पायथ्याशी तंबाखूच्या वखारीतलं खोकं लावलं. 'खेळाडूस योग्य आहार' म्हणजे बाईंची भाकरी-पिठलं, आणि अंडी उकडायला गच्चीवर वेगळा स्टोव्ह. पासपोर्ट क्लबच्या कपाटात, कुलपात. हरवायला नको, असं त्याला सांगितलं होतं. बिचाऱ्यानं कशाबद्दलच तक्रार केली नाही. तो बाईंना 'मामा' म्हणायचा, कारण त्याच्याकडं आईला मामा म्हणतात, आणि गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

परदेशी माणूस घरात ठेवला की घरमालकानं त्याचा फॉर्म सरकारला पाठवायचा असतो. आशुतोष म्हणाला, "बाई, तुमचं इंग्रजी चांगलं हाय, तुम्हीच भरा." बाईंनी मोबाईलवर सगळं नीट भरलं. राज्याचा रकाना आला. बोट कर्नाटकावर गेलं आणि माजघरातून शिंक आली. बाईंनी बोट खाली सरकवलं आणि महाराष्ट्र निवडलं, जिल्हा कोल्हापूर. वीस किलोमीटरवर तर कागल आहे, असा काय फरक पडतो? खरं सांगायचं तर त्यांना त्या दिवशी फार बरं वाटलं. मास्तरांना जेवायला वाढून उठल्यासारखं वाटलं.

इथली माणसं दोन राज्यांमधल्या त्या रेषेला मानतच नाहीत. बाजार पलीकडं, सोयरिक पलीकडं, दवाखाना पलीकडं. पण ओकेलोच्या पासपोर्टाला ती रेषा मानावीच लागत होती. मार्चमध्ये क्लबनं मोसम दीड महिन्यानं वाढवला, व्हिसाची मुदत वाढवायला अर्ज टाकला, आणि तो अडकला. पलीकडचे, कोल्हापूरचे, म्हणाले, असलं घर आमच्या जिल्ह्यात नाही. अलीकडचे, बेळगावचे, म्हणाले, असला माणूस आमच्या दप्तरात नाही. व्हिसा संपला. "होतंय की सावकाश," असं म्हणून सगळ्यांनी कानाडोळा केला.

एप्रिलातल्या एका मंगळवारी सकाळी तिकडं युगांडात ओकेलोची आई गेली.

दुपारी आशुतोष आला. उन्हानं लाल झालेला, नजरेला नजर न देणारा. "बाई, व्हिसा संपलाय, त्यामुळं देश सोडायच्या परवान्याशिवाय त्याला विमानात घेत न्हाईत. परवान्याला एक कागद पायजे. तुम्ही तुमच्या हातानं लिहून द्यायचं, की घर कर्नाटक राज्यात हाय, फॉर्म भरताना माझी चूक झाली. उद्या मी बेळगावला कागद दिला, तर शुक्रवारी परवाना मिळतोय. शनिवारी मातीला पोचतोय त्यो. थोरला हाय, त्याच्यासाठी थांबल्यात ती माणसं."

"देते," बाई म्हणाल्या.

चार वाजता त्या माजघरात कागद घेऊन बसल्या. नाव लिहिलं. राहणार निपाणी लिहिलं. तपकिरीचा वास आधी आला, मग शिंक. अगदी कानामागं. बाईंनी पेनाचं टोपण लावलं. संध्याकाळी आशुतोषला फोनवर सांगितलं, अंगात कणकण आहे, उद्या देते.

बुधवारी पुन्हा बसल्या. पुन्हा तेच. एखाद्या कामात माशी शिंकते म्हणतात. इथं तर घरधनीच शिंकत होता. बाईंना भीती वाटत होती, पण ती भुताची नव्हती. चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली, त्याच्याकडं उद्या कोणतं तोंड घेऊन जायचं, याची ती भीती होती. आशुतोषला त्या म्हणाल्या, बीपी वाढलंय. बाईंना उलट बोलायची त्याला शाळेपासून सवय नव्हती.

ओकेलो जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून इंग्रजीत विचारायचा, "मामा, काही कळलं?"

"ऑफिसात अडकलंय रे," बाई खालूनच म्हणायच्या. "मी भांडतेय त्यांच्याशी."

हे वाक्य त्यांच्या तोंडून किती सहज गेलं, याचं त्यांनाच नवल वाटलं. वरून ओकेलो फोनवर बहिणीशी बोलत असल्याचं ऐकू यायचं. शब्द कळत नव्हते, पण मधेच आपलं नाव आलेलं कळायचं.

गुरुवारी दुपारी त्या ताट घेऊन माडीवर गेल्या. बॅग दाराशी भरून ठेवलेली. ओकेलो पलंगावर टेकलेला, पाय त्या खोक्यावर, आणि पायांत बूट. सकाळी आणि काल रात्रीही बूटच होते, हे बाईंच्या आता ध्यानात आलं. मंगळवारपासून त्यानं ते काढलेच नव्हते. हाक आली की लगेच निघता यावं म्हणून.

"मातीची पहिली मूठ थोरल्यानं टाकायची असते," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत थांबतील. त्यापुढं नाही थांबता येणार, फार गरम आहे तिकडं."

बाईंनी ताट खाली ठेवलं. जायला वळल्या तर तो म्हणाला, "मामा, खाली कोण म्हातारे राहतात?"

"कुणी नाही. मी एकटीच."

"कुणीतरी शिंकतं रोज. मला वाटलं आजारी आहेत. मी इथून म्हणतो, देव तुमचं भलं करो. माझी आई म्हणायची, ज्याची शिंक ऐकली त्याला आशीर्वाद द्यावा. ओळख नसली तरी."

बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. पाच वर्षं त्यांना वाटत होतं, हे आपल्या मनाचे खेळ आहेत. आणि हा परक्या मुलखातला पोरका पोरगा रोज त्याच माणसाचं भलं मागत होता, ज्यानं त्याची वाट अडवून ठेवली होती. नाही, मास्तरांनी नव्हती अडवली. मास्तर मेले होते. वाट बाईंनीच अडवून ठेवली होती, हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं आणि स्वतःची किळस आली.

त्या खाली आल्या आणि कागद ओढला. शिंक आली.

"शिंका," बाई म्हणाल्या. "लागेल तेवढं शिंका."

दुसरी आली, तिसरी आली. तपकिरीनं डोळे चुरचुरायला लागले. बाईंनी तो शब्द लिहिला, चार अक्षरांचा, फळ्यावर लिहावा तसा ठसठशीत, आणि खाली सही केली. नंतर बराच वेळ त्या मागं वळून बघायला धजल्या नाहीत.

आशुतोष मोटारसायकलवरून तसाच बेळगावला सुटला, पण पोचेपर्यंत ऑफिस बंद झालं होतं. शुक्रवारी सकाळी कागद दाखल झाला. परवाना हातात पडला शनिवारी, साडेबारा वाजता. त्या वेळी कुठल्याही विमानानं उडूनही ओकेलो मातीला पोचला नसता.

तासा-दीड तासानं तो खाली आला. बूट काढलेले होते. त्यानं मोबाईल फडताळातल्या बरणीला टेकवून ठेवला आणि जमिनीवर बसला. बाई शेजारी बसल्या. पडद्यावर लाल माती, केळीची झाडं आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं दिसत होती. धाकट्या भावानं पहिली मूठ टाकली. ओकेलोचा हात आपोआप पुढं आला, मुठीत काही नसताना उघडला, आणि पुन्हा मांडीवर जाऊन पडला.

मग त्याची बहीण कागद घेऊन उभी राहिली आणि एकेक नाव वाचायला लागली.

"ज्यांनी ज्यांनी आईसाठी केलं त्यांचे आभार मानतेय," ओकेलो हळू आवाजात सांगत होता. "हे डॉक्टर. हे पाणी आणणारे शेजारी." बहीण थांबली, डोळे पुसले आणि फोनकडं बघून बोलली. ओकेलोनं बाईंकडं वळून सांगितलं, "आणि भारतातली एक आई, विनोदिनी. माझा भाऊ घरी यावा म्हणून पाच दिवस सरकारशी भांडली. देव तिला उदंड आयुष्य देवो."

त्यानं मोबाईल बरणीपासून उचलला आणि बाईंच्या चेहऱ्यासमोर धरला. पलीकडं सगळी माणसं उठून उभी राहिली होती आणि त्यांच्याकडं बघत होती. सांगून टाकावं म्हणून बाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडच्या म्हाताऱ्या बायका वाकून नमस्कार करू लागल्या.

बाईंनी हात जोडले.