दारात उभं राहण्यापुरता पट्टा

उभ्यानं बोललेल्या शब्दाला जे वजन असतं, ते बसून बोललेल्या शब्दाला जन्मात येत नाही, हा सिद्धांत सासऱ्यांनी त्या दुपारी खुर्चीत बसून मांडला. दुसरी सोय नव्हती. लाकडी पायाचा चामडी पट्टा सकाळीच तुटला होता आणि पाय भिंतीला टेकून एकटाच उभा होता.

मुलगी येणार होती. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न ठरवलं, तेव्हा "जा" एवढंच म्हणून बाप खुर्चीतून उठलासुद्धा नव्हता. त्यानंतर ती आज पहिल्यांदा येत होती. सासऱ्यांना तिच्यासाठी दारात उभं राहायचं होतं.

घरातलं मोठं शिलाई मशीन एरवी एप्रन शिवायचं; आज त्यावर नवा पट्टा शिवायचा होता. चालवायच्या दोघी सुना, आणि त्या दोघींचा कपडे वाळत घालायच्या दोरीवरून अबोला होता. त्यामुळे सगळी बोलणी सासऱ्यांमार्फत चालत.

"मामंजी, त्यांना सांगा, टाका मोठा ठेवा म्हणावं. बारीक टाक्यानं पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडतील आणि पट्टा तिथंच फाटेल," धाकटी म्हणाली.

"मामंजी, तिला सांगा, मोठाच ठेवलाय. सुईपण चामड्याची घातलीये. डोळे असतील तर दिसेल."

"सांगितलं," सासरे म्हणाले.

थोरलीची जुनी चामडी पिशवी कापून एकच धड पट्टी निघाली होती. बाकी चार कपटे. कापड चुकलं तर उसवता येतं. चामड्याला पडलेलं भोक कायमचं. थोरलीनं कपट्यावर टीप मारली. वरून सरळ रेघ, खालून दोऱ्याची वेटोळी. म्हणजे वरचा दोरा सैल. तिनं ताणाची चकती अर्धा फेरा आवळली आणि नणंद दिसते का ते बघायला खिडकीशी गेली. तेवढ्यात धाकटीनं वेटोळी पाहिली आणि तिनंही चकती अर्धा फेरा आवळली. कळवायला सासऱ्यांकडे वळली, तर मध्यस्थांचा डोळा लागला होता.

थोरली परत आली. पुढच्या टिपेला दोरा ताडकन तुटला. तिनं दोरा बदलला. तोही तुटला. कपटे संपले.

फोन वाजला. सासरे दचकून जागे झाले, कानाला लावला, ठेवला. "स्टँडवर उतरली," ते म्हणाले.

"मामंजी, तिला विचारा, चकतीला हात लावलाय का."

सासऱ्यांनी विचारलं नाही. ते दाराकडे बघत ओठ हलवत होते, पाठ केलेलं वाक्य विसरल्यासारखे. थोरलीनं थोडी वाट पाहिली. मग नाइलाजानं थेट धाकटीकडे मान वळवली.

"किती फिरवलीस गं?"

"अर्धा फेरा, ताई."

"मीपण."

"म्हणजे आपण दोघींनी मिळून त्याचा गळाच आवळला."

थोरलीनं चकती अर्धा फेरा सोडली. बरोबर झालं का हे बघायला कपटा उरला नव्हता. तिनं मोटर बंद केली. "मी चाक हातानं फिरवते. तू पट्टी धर आणि खालून बघत राहा. वेटोळं दिसलं की बोल. त्यांच्यामार्फत नको, मलाच सांग."

पहिला टाका. धाकटीनं वाकून पाहिलं. "चालेल." दुसरा. "चालेल." जाड घडीपाशी सुई अडली. थोरलीनं श्वास रोखून चाकाला जोर दिला. सुई कुरकुरत पार झाली. धाकटी काही बोलेना.

"अगं, बोल ना."

"चालेल, चालेल. घाम डोळ्यात गेला होता."

शेवटच्या टाक्याला बेल वाजली. दोऱ्याच्या टोकांना धाकटीनं हातानं गाठ मारली, थोरलीनं पाय लावून पट्टा सासऱ्यांच्या मांडीवर आवळला. दोघींनी काखेत हात घालून सासऱ्यांना उठवलं आणि दाराशी सोडलं. पट्ट्यानं एकदा करकर केलं. दोघी पुतळ्यासारख्या थांबल्या. पट्टा टिकला.

सासऱ्यांनी दार उघडलं. चौकट भरून ताठ उभे राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "त्या दिवशी मी उठायला हवं होतं."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. डोळे भरले होते. बॅग खाली ठेवली, एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली.

"बाबा," ती म्हणाली, "जरा बाजूला होता का? कधीचं बाथरूमला जायचंय."