जठराचं अस्तर

"बाबा, एक चप्पल कुठाय तुमची?" लेकीने शिंपीमास्तरांना दुकानाच्या दारातच अडवले.

मास्तरांनी खाली पाहिले. डाव्या पायात चप्पल होती, उजवा पाय अनवाणी. रस्त्यात कुठे सुटली, त्यांना पत्ताच नव्हता.

"आई गेल्यापासून कशातच लक्ष नाही तुमचं," म्हणत ती चप्पल शोधायला गेली.

सगळे हेच म्हणत. दुःख आहे, निवळेल. मशीनच्या पॅडलवर पाय आहे की नाही ते मास्तरांना वाकून बघावे लागे, तेही दुःखच. पण त्यांच्या पोटात भीती वेगळीच होती. बायको आठवेनाशी झाली होती. भिंतीवर फोटो होता. पण तिचा आवाज, तिची रागवायची तऱ्हा, सगळे पुसट होत चालले होते. जिने जन्मभर शेजारी बसून बटणांची काजे केली, तिला वर्षभरात विसरणारा आपण माणूस तरी कसला? हे ते कुणाला सांगणार!

जीभ लालबुंद झाली, घास जाईना, तेव्हा लेकीने त्यांना दवाखान्यात नेले. रक्त तपासले, नळी घालून पोट पाहिले.

"मास्तर, जठराच्या अस्तरात विहिरींसारख्या बारीक ग्रंथी असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांच्या पेशी आम्ल करतात, आणि आणखी एक द्रव्य. ते असेल तरच बी-बारा जीवनसत्त्व रक्तात जातं. तुमच्या शरीरानंच त्या पेशी मारल्यात. बी-बारा मिळेना, म्हणून पाय बधिर, म्हणून विसरायला होतं."

"अस्तर बदलता येतं का?"

"कोट आहे का तो?" बाई हसल्या. "अस्तर असंच राहणार. इंजेक्शनं घ्या, पोटाला वळसा घालून काम होतं. पण कायमची हं."

मास्तर उठेनात. "म्हणजे विसरतोय तो पोटामुळं? माया आटली म्हणून नाही?"

"छे हो! मायेचा काय संबंध?"

मास्तरांनी हात जोडले. लेक बघतच राहिली. एवढा आजार निघाला, आणि बाबांच्या चेहऱ्यावर सुटका!

इंजेक्शने सुरू झाली. पायाखालची जमीन हळूहळू कळू लागली. मग एका दुपारी, विचार करताना मास्तरांनी कात्रीच्या टोकाने कान खाजवला, आणि आवाज आला, "अहो, कापड कापायचंय की कान?"

तोच ठसका. हुबेहूब.

त्याच्यामागून दुसरेही आले. शेवटच्या दुखण्यातले तिचे कण्हणे, "आता पुरे हो," म्हणणे. इतके दिवस तेही पुसले गेले होते. पण मास्तरांनी ते ढकलून दिले नाही. आलीस तर सगळी ये, ते मनात म्हणाले.

मग उठून त्यांनी घरघरणारा पंखा बंद केला.

"बाबा, उकडतंय की!" लेक म्हणाली.

"घटकाभर सोस गं. तुझी आई बोलतेय."

पाती गरगरत हळूहळू थांबली. लेकीनेही हातातले काम खाली ठेवले.