आधी उगवलेला दात

संयोगिताची लेक जन्मली तीच खालच्या हिरडीत एक दात घेऊन, तांदळाच्या कणीएवढा. नर्सनं कौतुकानं दाखवला आणि संयोगिताच्या आईचा, झुंबरबाईंचा, चेहरा उतरला.

"दात घिऊन आलेली पोर मामाला जड. अमरनं तोंड बघायचं न्हाय."

वडिलांच्या माघारी बहिणीला वाढवलं ते अमरसिंहनंच. तो आता शिरोलीच्या फाउंड्रीतून सुटला की उचगावच्या घरी मागल्या दारात जेवायचा आणि गोठ्यात झोपायचा. भिंतीपलीकडं भाची रडायची, अलीकडं हा कूस बदलायचा. मामाविना बारसंही लांबलं.

लेकरू प्यायला लागलं की दात रुतायचा, संयोगिता कळवळायची, लेकरू अर्धपोटीच राहायचं. त्यात दात हलायला लागला. तेराव्या दिवशी संयोगिता आणि झुंबरबाई लेकराला घेऊन दातांच्या डॉक्टर दीप्तीकडं गेल्या. अमरसिंह मागनं मोटरसायकलवर आला आणि जिन्यातच थांबला.

"आजी, पोटात दीडेक महिना झाला की दातांची बीजं जबड्यात धरायला लागतात," डॉक्टर म्हणाल्या. "हिचं एक बी जरा वरच बसलं, म्हणून आधी उगवलं. कुणाला जड नाही न् काही नाही. पण हलतोय, श्वासात गेला तर अवघड. आत्ताच काढू. सिस्टर रजेवर आहे, डोकं कोण धरतंय?"

संयोगिता धरायला गेली आणि हात मागं घेतला. झुंबरबाईंनी तर तोंडच फिरवलं.

"दादा, आत ये," संयोगितानं हाक मारली.

झुंबरबाई दारात आडव्या आल्या. मग म्हणाल्या, "ये. पर डोळं मिट."

"डोळं मिटून डोकं कसं धरू, आई?"

फाउंड्रीत वाळूचा साचा कण न ढळू देता उचलणारे हात ते. दोन तळव्यांत भाचीचं डोकं अलगद बसलं. ती मामाकडं बघत राहिली, मामा तिच्याकडं. चिमटीभर कापसात दात आला.

थोडं रडून लेकरू आईला लागलं. घट घट आवाज आला. संयोगिता पहिल्यांदाच कळवळली नाही. डोळे मिटून हसली.

झुंबरबाईंनी लेकाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "काय हुतंय का रं?"

"हुतंय की. भूक लागलीया."

परतताना रिक्षात त्या गुणगुणल्या, तेरा दिवसांत पहिल्यांदा:

दात आला आधी बाई, माझ्या नातीच्या तोंडात
मामा उभा गं जिन्यात, घेई भाचीला हातात

घरी पोचल्यावर अमरसिंह सवयीनं मागल्या दाराकडं वळला.

"तिकडं कुठं चाललास?" झुंबरबाई म्हणाल्या. "फुडल्या दारानं ये. पोरगीला घे, मी ताट करते."