लेकीच्या नावाचा बेडूक

तिनं बरणी पुसून टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा पुसली. जिन्यावर काठीचा आवाज येत होता. सर प्रत्येक पायरीवर थांबत होते.

या संग्रहालयातली उभयचरांची सगळी दालनं सरांनीच लावलेली. ते निवृत्त झाल्यावर त्यांचीच ही विद्यार्थिनी संग्रहपाल झाली. बरणीतला अंगठ्याएवढा ठिपकेदार बेडूक सरांच्या सात वर्षांच्या लेकीनं ओहोळात पकडला होता. पुढं तापाचं निमित्त होऊन पोर गेली. सरांनी बेडकाची नवी प्रजाती जाहीर केली आणि तिला लेकीचं नाव दिलं.

"बोल. फोनवर तुझा आवाज बरा वाटला नाही," सर खुर्चीत टेकत म्हणाले.

"चहा सांगू?"

"आधी बोल."

तिनं खिडकी उघडली, लगेच लावली. मग बेडकाचा एक्स-रे उजेडासमोर धरला.

"सर, हाडांची टोकं अजून जुळलेली नाहीत. जनुकंही तपासली, परत परत तपासली. ही वेगळी प्रजाती नाही. साधा डबक्यातला बेडूक आहे. त्याचं पिल्लू."

ती घाईघाईनं बोलत सुटली.

"ठिपक्यांमुळे कुणीही फसलं असतं. लहानपणी असतात, मग जातात. सर, माझा लेख छापला की हे नाव रद्द होईल. तुम्ही म्हणत असाल तर पाठवतच नाही मी."

"वेड लागलंय का तुला? पाठव." मग ते किंचित हसले. "लेकीनं नाव काढलं म्हणून मिरवायचो मी. आता तू काढ."

हसावं की काय करावं, तिला कळेना. सरांनी बरणी जवळ ओढली.

"म्हणजे अजून वाढायचं होतं."

"हो."

"वाढलेला आहे का कुठं? बघू."

तिनं कपाटातून सगळ्यात मोठी बरणी काढली. आत तळहाताएवढी, भरल्या अंगाची मादी होती. असले बेडूक सरांनी वर्गात शेकड्यांनी कापले होते. तरी त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला, बरणी दोन्ही हातांत धरली आणि सावकाश उजेडाकडे फिरवली.

"अशी दिसली असती होय," ते म्हणाले.

तिनं खुर्ची ओढली आणि सकाळपासून पहिल्यांदाच खाली बसली.