मी नक्की कोणाची झोळी?

मित्रांनो, मी एक जुनी झोळी आहे, एवढे मी खात्रीने सांगू शकते. पण कोणाची झोळी, असे विचारलेत तर माझी पंचाईत होते. जिने विणली तिची, ज्याच्यासाठी विणली त्याची, की जिच्या गळ्यात पडले तिची? पुष्कळ विचार केला, पण माझा गोंधळ काही सुटत नाही. तुम्हीच ऐका आणि ठरवा.

डोंगराळ मुलुखातल्या गोरोका शहराच्या वरच्या अंगाला, कॉफीच्या मळ्यांमध्ये माझा जन्म झाला. आमच्याकडे झोळीला बिलुम म्हणतात. सेराई नावाच्या बाईने झाडाच्या सालीचे तंतू मांडीवर वळून माझे सूत केले आणि मोडक्या छत्रीच्या काडीची सुई करून मला विणले. लाल, काळी, पिवळी नक्षी घातली. ती नक्षी पाहून आमच्या डोंगरातले कोणीही सांगेल, की ही सेराईच्या हातची आहे.

मला विणले होते ते बाळासाठी. आमच्याकडे बाळे झोळीतच वाढतात. आई ती कपाळाला अडकवून पाठीवर सोडते, मळ्यात काम करते आणि बाळ आत झोपून राहते. सेराईची सून गरोदर होती. तेवढ्यात सुनेचा नवरा, म्हणजे सेराईचा मुलगा ओबेड, याची देशाच्या रग्बी लीग संघात निवड झाली. संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर जाणार होता. गावात डुक्कर भाजले, रात्रभर गाणी झाली, आणि निघायच्या दिवशी सेराईने मला ओबेडच्या हातात दिले.

"जाताना घेऊन जा, येताना घेऊन ये," ती म्हणाली.

"आई, संघाची बॅग मिळते तिथं. चाकं असतात तिला."

"चाकाच्या बॅगेत बाळ झोपवणार आहेस का? अरे, सालीची नवी वीण टोचते. आधी बापाचं ओझं वाहू दे तिला. वापरून मऊ झाली, की मग बाळाला घालू."

मला फार बरे वाटले. काम समजले होते. ओझे वाहायचे, मऊ व्हायचे आणि घरी यायचे. त्यात गोंधळण्यासारखे काही नव्हते.

गोंधळ विमानतळापासूनच सुरू झाला. सेराईने माझ्यात भाजलेली रताळी भरून दिली होती. इंग्लंडमध्ये उतरल्यावर एका बाईने रबरी हातमोजे घातले, ती रताळी चिमटीत धरून उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मला वाटले, कोणीतरी आजारी असावे. ओबेडने माझ्यात बूट आणि टॉवेल भरले आणि पट्टी कपाळाला लावली. रस्त्यावरची माणसे वळून वळून पाहू लागली. थंडी तर अशी होती, की माझे सूत आवळून गेले.

खेळही मला कधी समजला नाही. एक जण चेंडू छातीशी धरून धावतो, तिघेचौघे त्याला आडवा करतात, तो उठतो, टाचेने चेंडू मागे सारतो आणि दुसरा तेच करायला निघतो. घरी डुकरे कुंपणात घुसतात तेव्हाही एवढी धडपड होत नाही. सामना संपला की तीच माणसे एकमेकांना मिठ्या मारतात! यालो नावाचा ओबेडचा मित्र गुडघा सुजल्यामुळे बाकावर बसायचा, तो मला मांडीवर घेऊन बसे. उत्तरेकडच्या एका छोट्या गावातला सामना आम्ही अगदी थोडक्यात हरलो. आमच्याकडे संघ हरला तर लोक जेवत नाहीत. इथे तर सगळे प्रेक्षक उठून टाळ्या वाजवू लागले.

"हरलो तरी टाळ्या?" यालो ओबेडला म्हणाला. "भावा, यांना गुण मोजता येत नाहीत का काय?"

आणि मग ती संध्याकाळ आली. आमच्या माणसांची रीत अशी, की पाहुणचार करणाऱ्याच्या गळ्यात बिलुम घातल्याशिवाय निरोप घ्यायचा नाही. त्यासाठी संघाने गोरोकाच्या बाजारातून झोळ्यांचा गठ्ठा आणला होता. पण तो गठ्ठा आधीच्या गावातल्या हॉटेलातच राहिला. व्यवस्थापक हेनाओ यांना ते आठवले, तेव्हा त्या छोट्या गावाच्या क्लबच्या दिवाणखान्यात जेवणे उरकत आली होती. ते धावत कपडे बदलायच्या खोलीत आले. मी खुंटीला होते. हेनाओ किनाऱ्यावरचे. त्यांना सेराईची नक्षी काय कळणार? झोळी ती झोळी. त्यांनी ओबेडचे बूट बाकावर ओतले आणि मला काखेत मारले.

मला वाटले, ओबेडने बोलावले असेल.

दिवाणखान्यात एनिड नावाची म्हातारी चहाची भांडी आवरत होती. या क्लबच्या खेळाडूंचे चिखलाचे कपडे ती तरुणपणापासून धूत आली होती. आमच्या मुलांचेही तिनेच धुतले, आणि वर मटणाचा रस्सा करून वाढला. हेनाओंनी छोटेसे भाषण केले आणि मला तिच्या गळ्यात घातले. सगळे ओरडले, टाळ्या झाल्या. एनिडने तोंडावर हात ठेवला आणि ती रडू लागली. मला काही कळेना. मी गर्दीत ओबेडला शोधले. तोही टाळ्या वाजवत होता, पण त्याचा चेहरा उतरला होता.

यालो अर्धवट उठला. "अरे, ती तुझ्या आईची आहे!"

"बस खाली," ओबेड म्हणाला.

"बाळाची आहे ती, ओबेड!"

"गळ्यात घातली ना आता? काढून घेतली तर देशाची अब्रू जाईल. बस म्हणतो ना."

नंतर दारापाशी हेनाओंना खरा प्रकार समजला. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "मला काय ठाऊक, बाबा! घरी गेलो की दुसरी घेऊन देतो तुला. बाजारात ढिगानं मिळतात."

"साहेब," यालो म्हणाला, "तिथं आयाही ढिगानं मिळतात का हो?"

पण मी तिथेच राहिले. एनिडने मला हळूच फडक्याने पुसले आणि "नको गं बाई, वापरली तर मळेल," असे स्वतःशीच पुटपुटत चषकांच्या कपाटाशेजारी भिंतीवर खिळ्याला टांगले. आत काही नाही, खाली कोणाची पाठ नाही. भिंतीवर झोळीने काय करायचे असते, मित्रांनो? मला हे कोणी शिकवलेच नव्हते.

सकाळी बस सुटायच्या आधी ओबेड आला. एनिड एकटीच कप धूत होती. त्याने न सांगताच फडके घेतले आणि कप पुसू लागला.

"काही विसरलास का रे बाळा?" तिने विचारले.

"हो," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाही." पुन्हा एक कप पुसला. "आई, ती झोळी जरा खाली काढता का?"

त्याने तिला आई म्हटल्यावर एनिड गडबडली. आमच्याकडे मोठ्या बाईला आईच म्हणतात. तिने मला काढून त्याच्या हातात दिले. त्याने बोटे विणीतून फिरवली, आणि मला वाटले, आता निघालो आपण! गोरोका, सेराई, बाळ, सगळे माझ्या डोळ्यांपुढे आले.

"खरं सांगू?" एनिड कपाकडे बघत म्हणाली. "इतकी वर्षं या क्लबात मेडलं वाटताना बघितली. माझ्या गळ्यात कुणी काही घातलं, ते काल पहिल्यांदा. घरी जाऊन झोप येईना मला. म्हटलं, वेडीच आहेस तू एनिड."

ओबेड उभाच राहिला. बाहेर बसचा भोंगा वाजला. मला त्याच्या बोटांची पकड घट्ट झालेली जाणवली. मग ती सैल झाली.

स्वयंपाकघरात बटाट्यांचे पोते होते. त्याने खाली बसून माझ्यात बटाटे भरले. चांगले गळ्यापर्यंत भरले. मग मला एनिडच्या पाठीवर सोडले आणि पट्टी तिच्या कपाळाला लावली.

"मानेवर नाही, आई. कपाळावर. असं. आता हात मोकळे."

"अग बाई!" एनिड हसत सुटली. "गाव म्हणेल, म्हातारीला लागलं वेड."

"म्हणू दे. भिंतीवर नका लावू हिला. रोज भरा. नवी आहे म्हणून टोचते, वापरली की मऊ होते."

"आणि मऊ झाल्यावर?"

ओबेडने दाराकडे पाहिले. "मऊ झाल्यावर बरं वाटतं," तो म्हणाला आणि बसकडे पळाला. मला त्याचा फार राग आला. त्याच्यावर माया होती म्हणूनच आला. तो मला द्यायला आला होता की न्यायला, ते मला आजही सांगता येणार नाही.

एनिडने मात्र शब्द पाळला. बटाटे, कोबी, धुतलेले कपडे, एकदा तर शेजारणीचे मांजर, सगळे मी वाहिले. दुकानातली पोरे ओरडत, "एनिड, डोक्यावर काय निघालीस घेऊन?" ती म्हणे, "तुमची अक्कल! सापडली रस्त्यात."

हिवाळ्यात एके दिवशी तिच्या फोनच्या पडद्यावर ओबेडचा चेहरा आला. आणि त्याला बाजूला ढकलून सेराईचा. मी टेबलावरच होते. पलीकडे एक बाळ जीव तोडून रडत होते.

"काय झालं गं त्याला?" एनिडने विचारले.

"काही नाही, नवी झोळी टोचतेय," सेराई म्हणाली. ओबेड ते इंग्रजीत सांगत होता. "आधीची होती ती तुझ्याकडे आहे ना. बाळासाठीच विणली होती मी."

एनिडचा हात माझ्यावर येऊन थांबला. मग ती म्हणाली, "मला कुणी सांगितलं नाही. उद्याच पाठवते."

"खबरदार!" सेराई कडाडली. "गळ्यात घातलेलं परत घेईन तर माझे हात झडतील. आत काय आहे ते सांग."

एनिडने मला पडद्यासमोर धरले. "बटाटे."

"दाखव. भरलीय ना? मग झालं. हे रडतंय ते रडू दे, महिनाभरात याचीही मऊ होईल."

दोघी हसल्या, आणि हसता हसता एनिडने डोळे पुसले. पण बाळ रडतच होते, आणि त्या आवाजाने माझा एकूण एक धागा ताणला गेला. ते ओझे मला ठाऊक होते, मी ते कधी वाहिले नव्हते तरीही.

तर मित्रांनो, मी कोणाची, हे तुम्हाला ठरवता आले तर मलाही सांगा. एनिड आता थकली आहे. ती गेल्यावर माझे काय होईल, मला माहीत नाही. माझे एवढेच मागणे आहे. मला धुवा, फाटले तर सांधा, बटाटे भरा, कांदे भरा, पण शोभेसाठी टांगू नका. आणि घरात कधी बाळ आले, तर कोणाची झोळी म्हणून विचारत बसू नका. त्याला खुशाल माझ्यात निजवा. मी आता मऊ झाले आहे.